गाणं दुसऱ्याचं, आवाज आपला: कव्हर गाणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी काय जाणून घ्यावं?

मोबाईल आल्यापासून पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावातही गाणाऱ्या मुला-मुलींची कमी राहिलेली नाही. कुणी कराओकेवर रफीसाहेबांची गाणी म्हणतं, कुणी नात शरीफचा व्हिडिओ टाकतं, कुणी वरातीच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतं, तर कुणी कव्वालीच्या पार्टीत मागे बसून टाळी देतं. ही सगळी मंडळी एकच काम करत असतात. दुसऱ्याने लिहिलेलं, दुसऱ्याने चाल लावलेलं आणि दुसऱ्याने गाजवलेलं गाणं ती आपल्या आवाजात गातात. यालाच हल्ली ‘कव्हर’ म्हणतात.

आम्ही शिक्षक असल्यामुळे पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, ही चोरी आहे का? दुसरा, “सर, पोराच्या मोबाईलवर कॉपीराइटचं काहीतरी आलंय, आता पोलीस येतील का?” दोन्ही प्रश्नांमागे भीती असते. या भीतीपोटी काही घरांत मुलांचं गाणंच बंद होतं, तर काही घरांत “सगळेच करतात” म्हणून नियमांकडे पाठ फिरवली जाते. दोन्ही चुकीचं आहे. नियम समजून घेतले तर बहुतेक ठिकाणी वाट मोकळी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाणं-बजावणं जायज की नाजायज, हा उलमांचा विषय आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण हे नियम हम्द आणि नात म्हणणाऱ्यालाही लागू होतात. त्यामुळे ज्या घरात फिल्मी गाणी चालत नाहीत, त्या घरानेही हे वाचावं.

रीत जुनीच आहे

दुसऱ्याचं कलाम गाणं ही आपल्याकडे शेकडो वर्षांची रीत आहे. अमीर खुसरोंचं निधन १३२५ साली झालं, आणि त्यांच्या नावे चालत आलेलं कलाम कव्वाल आजही गातात. आपल्या मराठवाड्यातले शायर सिराज औरंगाबादी (१७१५–१७६३) यांची गझल आबिदा परवीन यांच्या आवाजात जगभर ऐकली गेली. उद्या आपल्या गावातला एखादा मुलगा ती गायला, तर त्यात गैर काही नाही.

पण जुन्या लोकांनी एक सोय करून ठेवली होती. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपला तखल्लुस गुंफतो. गाणारा कुणीही असो, मक्ता म्हटला की शायराचं नाव घ्यावंच लागतं. कॅसेट नव्हती, कायदा नव्हता, तेव्हाही कलाम कुणाचं हे ऐकणाऱ्याला कळत होतं.

पुढे कॅसेटचा जमाना आला. १९८०च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने जुनी फिल्मी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटवर बाजारात आणली. पानटपरीपासून एसटी स्टँडपर्यंत त्या पोहोचल्या. सोनू निगम यांच्या ‘रफी की यादें’ या कॅसेट पुष्कळांच्या घरात होत्या. शब्बीर कुमार यांच्यासारखे गायकही स्टेजवर रफीसाहेबांची गाणी गातच पुढे आले. म्हणजे कव्हर हा कमीपणा नाही, तो शिकण्याचा रस्ता आहे. मात्र त्या कॅसेटवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या आणि त्यातूनच नियम घट्ट होत गेले.

एका गाण्यात हक्क किती?

आपण ज्याला एक गाणं म्हणतो, कायदा त्याच्याकडे तीन वस्तू म्हणून बघतो: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या किंवा चाल लावणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं टिकतो.

‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटाचं उदाहरण घेऊ. गीतकार शकील बदायुनी, संगीतकार नौशाद, आणि गाजलेली गाणी रफीसाहेबांच्या आवाजात. यातल्या रेकॉर्डिंगची मुदत २०१२ अखेर संपली. शकीलसाहेबांचं निधन १९७० चं, म्हणून शब्दांचा हक्क २०३० अखेरपर्यंत. नौशादसाहेब २००६ साली गेले, म्हणून चालीचा हक्क २०६६ अखेरपर्यंत. “गाणं सत्तर वर्षं जुनं आहे, आता ते सगळ्यांचं” असं म्हणून चालत नाही. आणि हा हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडे किंवा म्युझिक कंपनीकडे गेलेला असतो, म्हणून क्लेमवर शायराचं नाव न दिसता कंपनीचं नाव दिसतं.

उलट इक्बाल १९३८ साली गेले. त्यांच्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही. गालिब, सिराज, खुसरो यांचंही तसंच. पण इथे मुलं गफलत करतात. सिराज यांची गझल मोकळी असली, तरी आजच्या गायकाने लावलेली चाल आणि केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. शब्द घ्या, स्वतःची चाल लावा, मग काही अडचण नाही.

आणि गायकाचं काय? १९६०च्या दशकात यावरूनच मोठा वाद झाला होता. गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा लता मंगेशकर यांचा आग्रह होता. एकदा मेहनताना घेतला की विषय संपला, असं रफीसाहेबांचं मत होतं. काही वर्षं दोघांनी एकत्र गाणी गायली नाहीत. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीत वाटा आणि गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी आवाज उठवला होता.

परवानगी कुठे लागत नाही?

कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही मोकळ्या जागा ठेवल्या आहेत. आपल्या कामाच्या तीन आहेत.

पहिली, धार्मिक विधी आणि लग्न. खऱ्या अर्थाने धार्मिक असलेल्या कार्यक्रमात गाणं गायलं किंवा वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक समारंभही धरले आहेत. वरातीत बँडवाल्यांनी फिल्मी गाणी वाजवली म्हणून त्यांना किंवा लग्नघराला घाबरण्याचं कारण नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही जाहीर सूचना काढून हे सांगितलं. मात्र गोवा सरकारने या विषयावर काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कलम आहे तसंच आहे, पण कोणता समारंभ त्यात बसतो हे परिपत्रकाने ठरत नाही, वाद झाला तर कोर्ट ठरवतं. वरात आणि हॉटेलातली मोठी पार्टी यांना एकाच मापाने मोजू नये.

दुसरी, शाळा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी किंवा शिक्षकांनी गाणं गायलं आणि ऐकणारे विद्यार्थी, पालक, शाळेशी संबंधित लोक एवढेच असतील, तर परवानगी लागत नाही. त्याचा व्हिडिओ करून शाळेच्या चॅनलवर टाकला, की मामला वेगळा.

तिसरी, हौशी मंडळ. हौशी मंडळाने तिकीट न लावता कार्यक्रम केला, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तरी सूट आहे.

याउलट तिकीट लावून ऑर्केस्ट्रा, हॉटेलात रोजचं गाणं, दुकानाच्या उद्घाटनाला स्टेज-शो अशा ठिकाणी परवाना लागतो. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था परवाना देते. मूळ रेकॉर्डिंग वाजवायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. तो काढण्याची जबाबदारी आयोजकाने घ्यायची की कलाकाराने, हे सुपारी घेतानाच कागदावर ठरवून घ्यावं.

रेकॉर्डिंग करून विकायचं असेल तर

२०१२ च्या दुरुस्तीने कव्हर रेकॉर्डिंगसाठी ३१सी हे कलम आणलं. मूळ गाणं ज्या वर्षी रेकॉर्ड झालं, ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. मूळ हक्कदाराला आधी नोटीस द्यायची आणि रॉयल्टी आगाऊ भरायची. ती दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने असते. लहान भाषा-बोलींसाठी हा आकडा कमी करण्याची तरतूदही कलमात आहे. शब्द-चालीत मनमानी बदल करायचा नाही आणि कव्हरवर ‘हे कव्हर आहे’ असं स्पष्ट लिहायचं. मूळ गायकाचा फोटो छापून लोकांना फसवायचं नाही.

हे कलम फक्त आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी आहे, व्हिडिओसाठी हक्कदाराची परवानगी लागते. पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आपल्या मुलांच्या आवाक्यात नाही, हे उघड आहे. म्हणूनच ती सगळी यूट्यूबकडे वळतात.

यूट्यूबवर नेमकं काय होतं?

यूट्यूबची एक यंत्रणा आहे, तिचं नाव ‘कंटेंट आयडी’. कंपन्यांनी दिलेल्या गाण्यांशी ती प्रत्येक व्हिडिओ ताडून बघते आणि जुळलं की ‘क्लेम’ लागतो. क्लेम म्हणजे गुन्हा नाही, पोलीस केस नाही. बऱ्याचदा व्हिडिओ तसाच राहतो, फक्त त्यावरच्या जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. कधी व्हिडिओ बंदही होतो.

‘स्ट्राइक’ ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. हक्कदाराने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक बसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. आमच्या एका विद्यार्थ्याने नातेच्या व्हिडिओवर साधा क्लेम आला म्हणून घाबरून वर्षभराची मेहनत, सगळे व्हिडिओ, एका रात्रीत डिलीट केले. क्लेम आणि स्ट्राइक यातला फरक घरात कुणालाच माहीत नव्हता. त्या मुलाचं नुकसान झालं ते एवढ्यामुळेच.

बहुतेक क्लेम कराओके ट्रॅकमुळे येतात. आवाज आपला असला तरी ट्रॅक कुणीतरी रेकॉर्ड केलेला असतो, तोही कुणाच्या तरी मालकीचा. साधी पेटी, ढोलक किंवा कीबोर्ड स्वतः वाजवून गायलं तर निदान ही एक अडचण कमी होते. आणि क्लेम चुकीचा आहे याची खात्री असेल तरच ‘डिस्प्यूट’ करावा. खोटा डिस्प्यूट अंगाशी येतो.

दीन काय सांगतो?

“हा सरकारी कायदा आहे, आपल्याकडे असं काही नाही” असंही कानावर येतं. १९८८ साली कुवेतमध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीची बैठक झाली. लेखन, संशोधन, व्यापारी नाव यांसारख्या हक्कांना शरीयतमध्ये संरक्षण आहे आणि त्यांचं उल्लंघन करू नये, असा ठराव तिथे झाला. पैशाने ज्याची किंमत होते, तो दुसऱ्याचा माल आहे. शेजाऱ्याचं शेत पडीक दिसलं म्हणून आपण त्यात पेरत नाही, तसंच हे आहे.

आणि पैशाहून मोठी गोष्ट नावाची. ‘बजरंगी भाईजान’ (२०१५) मध्ये अदनान सामी यांनी गायलेली कव्वाली नव्या पोरांना त्या सिनेमाचीच वाटते. ती साबरी बंधूंनी कित्येक वर्षं आधी गाजवली होती आणि तिचे शायर पुरनम इलाहाबादी. सिनेमा आला तेव्हा साबरी घराण्यातून जाहीर आक्षेपही घेतला गेला. आज किती घरांत पुरनम यांचं नाव माहीत आहे?

घरच्यांनी एवढं करावं

लग्नघरी कुणी येऊन “गाण्याचे पैसे भरा” म्हणालं, तर ओळखपत्र, संस्थेचं पत्र आणि कोणत्या गाण्यांचा हक्क आहे त्याची यादी मागा. रोख पैसे हातावर ठेवू नका. वरात असेल तर कलम ५२ चं नाव घ्या.

एखाद्या चॅनलवाल्याने मुलाचा आवाज रेकॉर्ड करायचं ठरवलं, तर कोऱ्या कागदावर सही देऊ नका. किती वर्षांसाठी, कोणत्या वापरासाठी आणि मोबदला किती, हे लेखी घ्या. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, हेही लक्षात ठेवा.

आणि व्हिडिओखाली चार ओळी लिहायची सवय मुलांना लावा: शायर कोण, चाल कुणाची, मूळ आवाज कुणाचा, आणि हे आमचं कव्हर आहे. या ओळींनी परवानगी मिळत नाही, हे खरं. पण मक्त्यातला तखल्लुस जे काम करायचा, ते काम या चार ओळी करतात. एखादं नाव सापडत नसेल, तर मुलासोबत बसून शोधा आणि मगच व्हिडिओ टाका.