खटला आगरकरांचा आणि पत्र आगरकरांचे

गोपाळ गणेश आगरकर हे नाव पुण्याशी, फर्ग्युसनशी आणि 'सुधारक'शी इतके जोडले गेले आहे की त्यांची लेखणी वऱ्हाडात लिहिती झाली हे सहसा कोणी सांगत नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत 1856 मध्ये जन्मलेला, रत्नागिरीतही शिक्षण न जमलेला हा गरीब मुलगा अकोल्याला आला आणि 1875 मध्ये तिथूनच मॅट्रिक झाला. मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी त्याला हात दिला. पुढे 1907 च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे महाजनी ते हेच. शिकत असतानाच आगरकर 'वऱ्हाड समाचार'मध्ये लिहू लागले. तेव्हाचा वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. निजामाकडून इंग्रजांनी 1853 मध्ये कारभाराला घेतलेला तो मुलूख होता, आणि कापसाच्या पैशाने वाढणाऱ्या अकोल्या-अमरावतीत मराठी पत्रे नुकती बाळसे धरत होती. वृत्तपत्र हे नोकरीचे साधन न राहता मत मांडण्याचे ठिकाण होऊ शकते, हे आगरकरांनी पुण्याला जाण्याआधी इथे पाहिले. त्यांच्या पुढच्या आयुष्यात दोन प्रसंग मोठे ठरले. एकात कायद्याने त्यांना तुरुंगात टाकले, दुसऱ्यात त्यांचे स्वतःचेच पत्र त्यांच्या हातून गेले. आपण पहिला प्रसंग आठवतो. माझ्या मते त्यांचा खरा कस दुसऱ्याने पाहिला.

पहिल्या प्रसंगाचा तपशील असा. जानेवारी 1881 मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होतो आहे, अशी तक्रार या पत्रांनी लावून धरली आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावची पत्रे तिचा आधार म्हणून छापली. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली, संपादकांनी दिलगिरी छापली, तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही. बचावाला फिरोजशहा मेहता आणि तेलंग होते. तरीही जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते ऑक्टोबरात सुटले. देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा 1878 चा कायदा त्याच वर्षी, 1882 मध्ये, रद्द झाला होता. म्हणजे संपादकाला आत टाकायला खास कायदा लागतच नव्हता. दंडसंहितेतले अब्रुनुकसानीचे साधे कलम पुरेसे होते. ते कलम आजही आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात ते नांदते आहे. दोन वर्षांपर्यंतची कैद त्यात कायम आहे. छापलेले खरे होते एवढे म्हणून आरोपीची सुटका होत नाही. ते सार्वजनिक हिताचे होते, हेही त्यालाच दाखवावे लागते.

यावर कोणी म्हणेल की पत्रे खोटी होती, तर शिक्षा रास्तच झाली. पुरावा तपासण्यात संपादक कमी पडले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांना वाटलेली काळजी खोटी नव्हती. डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगरला देखरेखीखाली असतानाच, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा अंत झाला. पुरावा चुकीचा आणि प्रश्न बरोबर, अशी ही अवघड जागा होती, आणि लोकांनी ती नेमकी ओळखली. खटला चालू असताना जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे दहा हजारांच्या जामिनाला उभे राहिले. ज्या 'केसरी'च्या मंडळींशी फुल्यांचे मतभेद उघड होते, त्यांच्यासाठी! सुटकेच्या दिवशी डोंगरीबाहेर स्वागताला गर्दी जमली. तुरुंगात आगरकरांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत आणण्याचे काम केले. 'विकारविलसित' ते हेच. शिक्षेने शरीर झिजले असेल, पण पत्राचे वजन वाढले.

दुसऱ्या प्रसंगात यातले काहीच नव्हते. 'केसरी' एकट्याचा नव्हता, मंडळींचा होता. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर संपादकाचे मत एक आणि बहुतेक भागीदारांचे दुसरे. रखमाबाईच्या खटल्यात तर ही फट रुंदावली. मार्च 1887 मध्ये न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने कैदेत जा, असे सांगितले. आगरकर तिच्या बाजूचे, टिळक विरुद्ध. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'केसरी' सोडला. भागीदारांची बाजू अगदीच टाकाऊ नाही, हेही म्हटले पाहिजे. सामाईक पत्रात एकाने आपले मत सर्वांच्या नावावर का खपवावे? या प्रश्नाला आगरकरांकडे एकच प्रामाणिक उत्तर होते, आणि ते त्यांनी दिले. ऑक्टोबर 1888 मध्ये त्यांनी स्वतःचे 'सुधारक' काढले. मराठी बाजू त्यांची, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची. या पत्रावर कोणी बर्वे धावून आला नाही. धावून आले ते वाचक. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. अशा शिक्षेला जामीन नसतो, अपील नसते आणि सुटकेची तारीखही नसते. जून 1895 मध्ये, एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते गेले.

तरीही तुरुंग हीच संपादकाची मोठी कसोटी, असे मानणाऱ्यांना अमरावतीचे उदाहरण आपल्या बाजूचे वाटेल. डिसेंबर 1897 मध्ये तिथे काँग्रेस भरली. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताला दादासाहेब खापर्डे. राजद्रोहाच्या शिक्षेवर टिळक तेव्हा तुरुंगात होते, आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्यांच्याविषयी बोलताच सभा हेलावली. ते योग्यच झाले. टिळकांनी सोसलेले कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण सरकारने पकडलेल्या संपादकामागे समाज उभा राहतो, हेच त्यातून दिसते. समाजाच्याच विरोधात लिहिणाऱ्यामागे तो उभा राहतो का, याचे उत्तर दोन वर्षे आधीच मिळाले होते. आगरकरांना जाऊन सहा महिने झाले होते, आणि पुण्याच्या काँग्रेसमध्ये समाजसुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडव वापरू दिला गेला नाही.