ट्रान्सप्लांट झालेल्या लेकराला बुरशीपासून कसं जपायचं?

लेकरू बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून पिंपळगाव रेणुकाईला परत आलं की सगळा मोहल्ला इयादतीला जमतो. प्रेमापोटीच जमतो. पण या दिवसांत साधी धूळसुद्धा लेकराच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात नऊ वर्षांच्या मुलीवर झालं. आज थॅलेसेमिया आणि ब्लड कॅन्सरच्या अनेक मुलांना याचा आधार आहे. यात आधी तीव्र औषधांनी मुलाच्या हाडांतला जुना मगज संपवतात. मग दात्याच्या मूळ पेशी सलाइनसारख्या शिरेतून देतात. त्या रुजायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. तोवर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास नसतातच. पुढेही कित्येक महिने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू राहतात. मिरचीचं रोप मूळ धरेपर्यंत जपतो ना, तसंच हे.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपल्याला काही होत नाही, पण या मुलांच्या शरीरात बुरशी खोलवर शिरते. कॅन्डिडा बहुधा आतड्यातून किंवा सेंट्रल लाइनमधून रक्तात जाते. अ‍ॅस्परजिलस श्वासावाटे फुप्फुसात जाते. म्युकर म्हणजे २०२१ मध्ये कोरोनानंतर आपण पाहिलेली ती 'काळी बुरशी'.

अँटिबायोटिक देऊनही ताप हटला नाही, तर डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या करतात. पक्कं निदान होण्याआधीच औषध सुरू करावं लागतं, कारण उशीर महागात पडतो. प्रत्येक बुरशीचं औषध वेगळं. कॅन्डिडावर बहुधा कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन, अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल. म्युकरवर मात्र व्होरिकोनॅझोल चालत नाही. तिथे लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी लागतं आणि अनेकदा ऑपरेशनही. लहान मुलांचं शरीर व्होरिकोनॅझोल लवकर संपवतं, म्हणून रक्तातलं प्रमाण तपासून डोस ठरवतात. अ‍ॅम्फोटेरिसिनमुळे किडनी आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं. अ‍ॅस्परजिलसचा इलाज किमान ६ ते १२ आठवडे चालतो. ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही, औषध मधेच बंद करू नका.

घरी एवढं पाळा:

- ताप १००.४ डिग्री झाला की रात्र असली तरी ट्रान्सप्लांट सेंटरला फोन करा. त्यांना न विचारता तापाची गोळी देऊ नका, त्याने ताप झाकला जातो.
- चारा, शेणखत, बांधकाम आणि वाळलेल्या मिरचीचे ढीग यांपासून लेकराला लांब ठेवा.
- कलौंजी, काढे, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.
- सर्दी-खोकला असलेल्यांनी घरी येऊच नये.

इयादत सवाबाचं काम आहे. ती दारातून सलाम करून किंवा फोनवरूनही होते. दुआ तर कुठूनही करता येते.