खारा वारा, सोन्याचा मुलामा आणि गेलेलं नेट

‘नेट गेला रे! तुझा चालता काय?’ मालवणात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांच्या घरात पावसाळाभर ही हाक ऐकू येते. हाक मारणाऱ्याला कल्पना नसते, पण दोष शोधण्याची पहिली आणि सगळ्यात उपयोगी चाचणी त्याने तेवढ्यात उरकलेली असते. शेजारच्या खोलीत नेट चालू असेल, तर खांबापासून पडवीपर्यंतची सगळी यंत्रणा निर्दोष सुटली. संशय उरला तो पडवीतल्या स्विचपासून आपल्या लॅपटॉपपर्यंतच्या वायरवर.

कुंभारमठचं शासकीय तंत्रनिकेतन किंवा स. का. पाटील महाविद्यालयाच्या आसपास मुलं अशीच राहतात. एक घर, चार-पाच खोल्या, एकच कनेक्शन. फायबर पडवीत येतं आणि तिथून वाशांवरून, कौलांखालून खोल्याखोल्यांत वायरी जातात. वायफाय असतंच, पण जांभ्याच्या जाड भिंती पावसात ओल धरतात आणि ओली भिंत रेडिओ लहरी गिळते. म्हणून परीक्षेच्या दिवसांत वायरच बरी.

या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. पिळाची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या १८८१च्या पेटंटमधली. जोडीतल्या दोन तारांतून एकच संकेत उलटसुलट जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट मात्र दोघींवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकी केली की तो नाहीसा होतो. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे एखादी तार रुसली की नेट दर वेळी बंदच पडतं असं नाही. बरीच उपकरणं निमूटपणे शंभरवर उतरतात आणि मुलं कंपनीला शिव्या घालत बसतात.

तार रुसते कशाने? किनाऱ्यावर पहिला संशय मिठावर घ्यावा. प्लगच्या टोकाला आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. चांगल्या प्लगवर सोन्याचा थर सव्वा मायक्रॉनच्या आसपास असतो, स्वस्तातल्या प्लगवर नावापुरता. पातळ थरात सूक्ष्म छिद्रं राहतात. समुद्रावरून येणारे मिठाचे कण तिथे बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत होतं तेच. मालवणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. त्या खाऱ्या थेंबात सोनं टिकतं, त्याखालचा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू मात्र गंजतो. भिंग धरून पाहिलं तर पट्टीच्या कडेला हिरवट बुरशीसारखा थर दिसतो.

तिथवर पोचलं नसेल तर उपाय सोपा. प्लग काढून चार-पाच वेळा घालावा-काढावा. पट्ट्या घासल्या जाऊन संपर्क पुन्हा जुळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला तर उत्तमच. काचकागद मात्र लावू नये, उरलंसुरलं सोनंही जाईल. हिरवा थर धरला असेल तर प्लग कापून नवा क्रिंप करावा. क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकलेली पाहून हौशी माणूस ती ‘नीट’ शेजारी-शेजारी लावतो. दोन्ही टोकांना तसंच केलं तर टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण संकेताची जोडी आणि पिळाची जोडी वेगळी पडते, गोंगाट वजा होत नाही आणि नेट कुथत राहतं. हा दोष सापडायला फार त्रास देतो.

दुसरा गुन्हेगार कौलांतून आत येणारी वायर. पाणी वायरीवरून ओघळत उतारानं थेट सॉकेटात शिरतं. भोकाच्या आधी, घराबाहेरच वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतात. घरातली पीव्हीसी वायर उन्हात तडकते आणि तडीतून शिरलेलं पाणी केशाकर्षणाने आत सरकतं. बाहेर काळी पॉलिथीनची वायरच टाकावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तर किनाऱ्यावर घेऊच नये.

सॉकेटाजवळचा दिवा लागतोय आणि तरी नेट नाही? मग लॅपटॉपचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर पत्ता वाटणाऱ्या राउटरपर्यंत हाक पोचलेली नाही. पत्ता भलत्याच मालिकेतला असेल, तर कुणा शहाण्याने आपला जुना राउटर स्विचला जोडलाय आणि तोही पत्ते वाटत सुटलाय. सगळ्यांचंच नेट एकदम गेलं आणि स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत? मग एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये खुपसलेली असण्याची शक्यता मोठी. संदेश त्या वेढ्यात फिरत राहतात आणि वाढत जातात. यावरचा तोडगा रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधला, पण स्वस्त स्विचमध्ये तो सहसा नसतो.

पडवीतल्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर दोष फायबरचा. १६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात विजेचे खांब आडवे झाले. तेव्हा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नव्हतं. फायबरच्या टोकात डोकावू नये, त्यातला १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात विजेच्या पिनेबरोबर नेटची वायरही काढावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण पडवी ते खोली ही लांब तांब्याची तार तिचा झटका लॅपटॉपपर्यंत आणून सोडते.

एवढं पाहूनही जमलं नाही तर तक्रार जरूर करा, फक्त ‘नेट बंद आहे’ एवढंच सांगू नका. कोणता दिवा लाल, कोणता विझलेला, शेजारच्या खोलीत काय स्थिती आहे आणि पत्ता कोणता दिसतोय हे सांगा. लाइनमनला कणकवलीहून निघतानाच कळेल, शिडी घ्यायची की क्रिंपिंग टूल.