भूवस्त्र

गेल्या श्रावणांत कामानिमित्त आम्हांस ठाण्याच्या वागळे इस्टेटींत जावें लागलें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं जेथें स्थापन झालें तीच ही वसाहत. येऊरचे डोंगर जवळच. पण वाटेंतल्या एका उतारावरची माती पावसानें धुवून नेली होती, आणि ती थोपविण्यासाठीं घातलेलें प्लास्टिकचें जाळें फाटून खालच्या गटारांत लोंबत होतें. उताराच्या पायथ्याशीं घरें होतीं.

स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या नातवापाशीं हें बोललों, तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, तिथं काथ्याचं भूवस्त्र चाललं असतं." शब्द ऐकून आम्ही चकित झालों. भारतीय मानक ब्यूरोच्या २००८ सालच्या इंग्रजी मानकांतहि हाच शब्द योजिला आहे! पृथ्वीला समुद्राचें वस्त्र नेसविणारी प्रातःप्रार्थना ज्यांनीं लहानपणीं म्हटली, त्यांस त्याचा अर्थ सांगणें नलगे.

युक्ति साधी आहे. सुंभाचें विरळ विणीचें जाळें उतारावर अंथरून खुंट्यांनीं ठोकावयाचें. मग पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाहीं, ओघळाचा वेग मोडतो, ओलावा टिकतो आणि छिद्रांतून गवत उगवतें. ताग एकदोन पावसाळ्यांत कुजतो. काथ्यांत लिग्निन नांवाचें चिवट द्रव्य पुष्कळ असल्यामुळें तो सामान्यतः दोनतीन वर्षें तग धरतो. तोंवर मुळें माती धरतात आणि जाळें मातींतच मिसळून जातें. रस्त्याच्या कामीं हेंच वस्त्र खालची मऊ माती व वरची खडी यांच्यामध्यें घालतात. पाणी निथळतें, पण खडी चिखलांत रुतत नाहीं. कल्पना नवी नव्हे; कलकत्त्याच्या स्ट्रँड रोडवर १९३४ सालींच तागाचें कापड अंथरलें होतें. २०२० सालीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंत सात राज्यांतील १६७४ किलोमीटर रस्ते काथ्याचें भूवस्त्र घालून करण्याचें ठरलें, पैकीं ३२८ किलोमीटर आपल्या महाराष्ट्रांत.

मात्र तें सर्वत्र चालेल असें समजणें भाबडेपणाचें होय. जी भिंत पन्नास वर्षें भार सोसणार, तिच्या पोटांत कुजणारें कापड कसें चालावें? तेथें कृत्रिम धाग्यालाच मान द्यावा लागतो. दरड खोलवरून सरकत असेल तर वरवरचें कोणतेंहि जाळें निरुपयोगी. तेथें पाण्याला वाट आणि पायथ्याला भक्कम भिंत हवी. त्या उताराला काय हवें, हें मातीची परीक्षा केल्यावांचून कोणीं सांगूं नये. अशा कापडांची परीक्षा करणारी बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन तर घाटकोपरास, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे.

आमच्या कोंकणांतल्या घरीं नारळाचीं सोडणें अजून बंबांत जळतात. वहिनींस हा सारा वृत्तांत सांगितला, तेव्हां त्या म्हणाल्या, "भावोजी, सोडणं डोंगराला नेसवलीत, तर आंघोळीचं पाणी कशावर तापवूं?"