भिंतीलगतचा पेरू: फांद्या आडव्या का बांधायच्या?

आजचा भाग मी जामनेरच्या घराच्या परसातूनच रेकॉर्ड करतोय, मागे पाखरांचा गलका ऐकू आला तर सांभाळून घ्या.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, "अंगण नाही, नुसती कंपाउंडची भिंत आहे. फळझाड येईल का?" येईल ना. त्यासाठी एस्पॅलियर नावाची पद्धत आहे. झाड चौफेर पसरू द्यायचं नाही, तारांवर सपाट वाढवायचं. फ्रान्सात व्हर्सायला चौदाव्या लुईसाठी १६७८ ते १६८३ या काळात जी बाग उभारली, तिथे भिंतींलगत फळझाडं अशीच वाढवत. आपल्यालाही हे परकं नाही. नाशिककडचा द्राक्षवाला तारेवर ओलांडे बांधतो, ते याचंच भावंड.

पण इथे माझी एक चूक ऐका. थंड मुलखात झाड भिंतीला टेकवतात ते उबेसाठी. मी तेच वाचून पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या भिंतीला कलम चिकटवलं. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, भिंत रात्रीपर्यंत धगधगते. पानं करपली, खोडाची साल तडकली, झाड गेलं. दोन वर्षांची मेहनत! म्हणून आता पूर्वेचं ऊन मिळेल अशी बाजू निवडतो, भिंतीपासून दीड फूट सोडतो, तारा वेगळ्या डांबांवर ताणतो आणि उन्हाळ्याआधी खोडाला चुना लावतो.

झाड कोणतं? सुरुवातीला पेरू घ्या. सरदार, म्हणजे लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी ही जात निवडली गेली पुण्याच्या गणेशखिंडीत. पेरूची पानं समोरासमोर येतात, त्यामुळे एकाच पेरातून डावा-उजवा असे दोन हात मिळतात. शिवाय फुलं नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे छाटणीची भीती नाही.

आता कृती. पहिली तार दीड फुटावर, वर तेवढ्याच अंतराने आणखी दोन. जून-जुलैत कलम लावा, रुजलं की पहिल्या तारेजवळ शेंडा खुडा. तीन फुटी ठेवा: एक सरळ वर, दोन बाजूंना. बाजूच्या फांद्या एकदम आडव्या करू नका, मोडतील. आधी बांबूच्या काठीला तिरप्या बांधा, महिना-दोन महिन्यांत हळूहळू तारेवर आणा. सुतळी सैल बांधा, नाहीतर फांदीला काचते. मधली फूट दुसऱ्या तारेला पोचली की पुन्हा तेच.

आडवं करून काय होतं? उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी आडवी केली की तो दाब सुटतो, डोळे ओळीने फुटतात आणि त्या फुटींवर फळ धरतं. सरळ वर धावणारे जोमदार फुटवे मात्र चार पानांवर खुडत राहा, नाहीतर वर्षभरात त्याचं परत झुडूप होतं.

मृग बहारासाठी मोठ्या झाडाचं पाणी फेब्रुवारीपासून तोडतात. पहिले दोन उन्हाळे तसलं काही करू नका. आच्छादन टाका, पाणी द्या. आधी झाड जगू द्या, फळाचं नंतर बघू.

माझं दुसरं झाड आता तिसऱ्या तारेला टेकलंय. तुमच्या भिंतीला सकाळचं ऊन किती वेळ असतं ते आज मोजा, आणि मगच खड्डा खणा. भेटू पुढच्या भागात.