गंज रंगाने थांबत नाही

मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरावर मासळी भरायला आलेल्या जुन्या गाड्या जरा वाकून पाहाव्यात. केबिन धुतलेली असते, हौद्यावर ताजा रंग असतो आणि खाली चेसिसचे पापुद्रे सुटलेले असतात. टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली. तिच्या जुन्या गाड्या आणि तितकेच जुने पिकअप अजून रोजचं काम करतात. मासळीवरचा बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या फटींतून सरळ चेसिसवर गळतं. अशी चेसिस घरच्या अंगणात साफ करून रंगवता येते, हे मी ठामपणे सांगतो. पण त्याआधी गॅरेजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही समजुती बाजूला ठेवाव्या लागतील.

सगळ्यात घट्ट बसलेली समजूत अशी की गंज पावसाळ्यात लागतो, उन्हाळ्यात थांबतो. किनाऱ्यावर हे खरं नाही. मीठ हवेतली वाफ ओढून घेतं. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते साधारण ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी तुम्हाला कोरडी वाटणारी चेसिस मिठाच्या थराखाली ओलीच असू शकते. गाडीच्या उघड्या अंगावरचं मीठ पाऊस निदान धुऊन तरी नेतो. चेसिसच्या पन्हळीच्या आत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटमागे, दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेट केलेत त्या सांध्यात तो पोचतच नाही.

म्हणून पहिलं हत्यार ग्राइंडर नव्हे, गोडं पाणी. आधी चिखल आणि ग्रीस काढायचं, मग जोराच्या फवाऱ्याने आतून-बाहेरून धुवायचं, सुटे पापुद्रे हातोडी आणि पटाशीने पाडायचे आणि पुन्हा धुवायचं. न धुता ग्राइंडर चालवला की मीठ गंजाच्या बारीक खळ्यांमध्ये दाबलं जातं. धुणं पुरेसं झालं की नाही, हे पोलाद स्वतःच सांगतं. घासून उजळ केलेला भाग दमट हवेत रात्रभर तसाच ठेवा. सकाळी त्यावर ठिकठिकाणी काळपट, ओलसर ठिपके उमटले तर तिथे मीठ उरलं आहे. तेवढा भाग पुन्हा धुवा, पुन्हा घासा. या कामाचा कंटाळा येतो, पण रंग किती वर्षं टिकणार हे इथेच ठरतं.

दुसरी समजूत जळक्या ऑइलची. डिझेलमध्ये जळकं ऑइल मिसळून खालून फवारलं की गंज लागत नाही, असं सगळे सांगतात. तेलाचा थर काही काळ पाणी अडवतो, एवढं त्यात तथ्य आहे. पण इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि काजळी असते. त्यातली काही संयुगं कॅन्सरला कारण ठरतात. रबरी बुश तेलाने फुगतात. फवारलेलं ऑइल पावसात ओघळून अंगणात आणि विहिरीकडे जातं. आपल्याकडच्या नियमांनी वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलं आहे, ते उगाच नाही. शिवाय ज्याला पुढे रंग द्यायचा आहे, त्याच्यासाठी हा उपाय शत्रूच. तेल सांध्यांत मुरतं आणि रंग तिथे धरत नाही.

‘तारेचा ब्रश मारून चकचकीत झालं, म्हणजे गंज गेला’ हेही फसवं आहे. फिरता तारेचा ब्रश गंज काढतो तसा उरलेला गंज घोटून चमकवतोही. वरून पोलादासारखं दिसतं, खळ्यांच्या तळाशी तपकिरी रंग तसाच असतो. रंगाला चमक नको, खरखरीतपणा हवा. म्हणून ब्रशनंतर जाड घासकागद किंवा ग्राइंडरची फ्लॅप डिस्क लागते. संपूर्ण चेसिस उघडी केली असेल तर ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने खरखरीत कणांचा मारा, सर्वांत उत्तम, मात्र नदीच्या वाळूने नव्हे. वाळूतली सिलिका फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. या कामासाठी वाळू वापरायला ब्रिटनने १९४९ च्या नियमांनीच बंदी घातली. गार्नेट किंवा पोलादी ग्रिट वापरणारा कारागीर शोधा.

काही जण संडास धुण्याचं ॲसिड वापरतात. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज झटकन विरघळतो हे खरं, पण मागे क्लोराईड उरतं, म्हणजे मिठातला जो घटक काढायला आपण इतकं धुतलं तोच परत आला. पाट्यांसारख्या कडक पोलादात आणि उच्च ताकदीच्या बोल्टांत आम्लामुळे हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतात. पाटे आणि स्टिअरिंगचे बोल्ट आम्लापासून दूरच ठेवा.

बाजारात मिळणारे रस्ट कन्व्हर्टर मात्र थोतांड नाहीत. त्यांत बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळंनिळं, पाण्यात न विरघळणारं संयुग बनवतं. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरांत आदिवासी गोळा करतात त्या हिरड्यात हेच टॅनिन भरलेलं असतं. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वीपासून करत आले, तीही याच क्रियेने. मर्यादा एकच : कन्व्हर्टर पातळ, घट्ट धरलेल्या गंजावर चालतो. पापुद्र्यांवर ओतला तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज सुखाने वाढत राहतो. डबीवर धुवायला सांगितलं असेल तर धुऊन वाळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग येतो रेड ऑक्साईड. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साईडचाच, म्हणजे गंजाच्याच कुळातला. त्या लाल पुडीत गंज रोखण्याची स्वतःची ताकद फारशी नसते. जुन्या चांगल्या प्रायमरमध्ये खरं काम झिंक क्रोमेट करत होतं आणि ते कॅन्सरकारक आहे. म्हणून जुना रंग घासताना नुसता रुमाल बांधू नका. धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, धूळ ओली करून गोळा करा, मुलांना लांब ठेवा. आज झिंक फॉस्फेटचा प्रायमर किंवा दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर मिळतो. माझी पसंती इपॉक्सीला. पण इपॉक्सी उन्हात भुकटतो आणि साधा प्रायमर तर पाणी शोषतो. दोन्हींवर वरचा रंग हवाच. ‘प्रायमर मारून ठेवलाय, रंग दिवाळीनंतर देऊ’ असं म्हणून सोडलेली चेसिस दिवाळीपर्यंत पुन्हा तांबूस झालेली असते.

कडा, रिव्हेटची डोकी आणि बोल्टची भोकं यांना आधी ब्रशने एक हात द्या, मग सगळीकडे फवारा. ओला रंग कडेवरून मागे सरतो, तिथे थर पातळ राहतो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. रंगाच्या वेळी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पोलाद दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी गरम असावं. कोकणात म्हणजे डिसेंबर ते मार्च, सकाळचं दव उडाल्यावर आणि संध्याकाळच्या आत.

जाड डांबरी अंडरकोटने सगळं झाकलं जातं, असा एक भ्रम आहे. गंजावर तो दिला तर ओल आत कोंडते आणि नुकसान वरून दिसतही नाही. निचऱ्याची भोकं तर कधीच बुजवू नयेत.

आणि एक भ्रम जिवावर बेतणारा आहे : रंग दिला की चेसिस मजबूत झाली. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो सांध्यातले पत्रे फाकवतो आणि रिव्हेट ताणतो. रंगाआधी सगळीकडे हातोडी मारून पाहा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, स्क्रू ड्रायव्हर आत घुसला, किंवा पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ पत्रा कागदासारखा झाला असेल, तर काम तिथेच थांबवा. चेसिसला कुठे वेल्डिंग चालतं आणि कुठे भोक पाडता येत नाही, हे कंपनीच्या सूचनांत असतं. ते जाणणाऱ्या कारागिराकडेच गाडी न्या. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका, भक्कम स्टँड लावा.

चेसिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर अजिबात चालवू नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेसला जावं लागतं आणि तिथे नंबर वाचता आला पाहिजे, त्याची पेन्सिल प्रिंट निघाली पाहिजे. ती जागा हाताने, मऊ ब्रशने साफ करा, रंगाचा एकच पातळ हात द्या आणि वर ग्रीस लावून ठेवा. तपासणीच्या दिवशी ते पुसता येतं.