आदर कोणाला, आराधना कोणाची?

रविवारी ख्रिस्तयागासाठी चर्चमध्ये प्रवेश करताना आपल्यापैकी काहीजण उजवा गुडघा टेकतात, काही हात जोडून लवतात, तर काही क्रुसाला स्पर्श करून तो हात कपाळी लावतात. पुण्यात मराठी, गोवेकर, तमिळ व मल्याळी कुटुंबे एकाच बाकावर बसतात, त्यामुळे हा फरक अधिक जाणवतो. यांतील योग्य कोणते?

इ. स. ७८७ मध्ये निसिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने आराधना व सन्मान यांतील भेद स्पष्ट केला. आराधना केवळ परमेश्वराची. पवित्र मरिया, संत व त्यांच्या प्रतिमा यांना सन्मान. म्हणूनच लॅटिन उपासनाविधीत गुडघा टेकणे पवित्र साक्रामेंतासाठी राखलेले आहे. गुड फ्रायडेच्या क्रूसवंदनेपासून ईस्टर जागरणविधी सुरू होईपर्यंत क्रुसासमोरही गुडघा टेकला जातो. वेदीसमोर आपण कमरेतून लवतो. येशू व मरिया यांची नावे घेताना मस्तक नमवितो.

भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी बारा बदलांना अनुमती दिली. त्यांनुसार गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल लवता येते. चुंबनाऐवजी वस्तूस स्पर्श करून हात डोळ्यांस वा कपाळास लावता येतो. शांतीची खूण नमस्काराने देता येते. पादत्राणे काढणे, पंचांग प्रणाम व आरती यांनाही स्थान मिळाले. त्यांची अंमलबजावणी स्थानिक बिशपांवर सोपविण्यात आली. १९७० च्या दशकात शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात कॅथॉलिक व अँग्लिकन भगिनींनी एकत्र राहून भारतीय धाटणीची प्रार्थना रुजविली.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हात तर आपण पाहुण्यांना, शिक्षकांना व बिशपांनाही जोडतो. मग परमेश्वरापुढील नमस्कार वेगळा कशाने ठरतो? क्षणभर थांबण्याने, खोल लवण्याने आणि अंतःकरणातील श्रद्धेने. ओळखीच्यांकडे पाहत घाईने अर्धवट वाकविलेला गुडघा आराधना ठरत नाही; मनःपूर्वक केलेला नमस्कार ठरतो.

शब्दांचेही असेच आहे. धर्मगुरूंना आपण ‘आपण’ म्हणतो, परमेश्वराला मात्र ‘तू’. हा अनादर नव्हे. मराठी घरात आईला ‘तू’ म्हणतात. तीच जवळीक प्रभू येशूने पित्याला हाक मारावयास शिकवून आपल्याला दिली.

पुढील रविवारी बाकावर बसण्यापूर्वी क्षणभर थांबून आपण कोणापुढे उभे आहोत, याचे स्मरण करूया. मुलेही ते आपल्याकडे पाहूनच शिकतील.